बैलाची डीएनए टेस्ट होते काय? आणि झालीच, तर मानते कोण?

धुऱ्यावरचा माणूस
राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला. आजवर इथं नुसता वाचत आलो, पहिल्यांदाच धागा काढतोय, तोही बैलासाठी.

पोळ्याच्या तोंडावर काकांच्या गोठ्यातून एक बैल गेला. गवळाऊ जातीचा, पांढराशुभ्र, घरच्याच गाईचा. तक्रार दिली, आजूबाजूचे बाजार पालथे घातले, काही हाती लागलं नाही. आता कापूस वेचणी सुरू असताना तो पलीकडच्या तालुक्यात एका बंडीला जुंपलेला दिसला. शिंगं साळून वेगळ्याच रंगात रंगवलेली, कानातला पिवळा बिल्ला गायब, पण कानाला भोक आहे. ज्याच्याकडं आहे तो म्हणतो, मी बाजारातून घेतला, ही पहा चिठ्ठी. तो माणूस लबाड वाटत नाही, त्यालाही कोणीतरी गंडवलं असणार. काका म्हणतात, "माया बैल हाय. म्या हाक मारली त त्यानं मान वयवली." ठाण्यातले साहेब म्हणाले, "मान वळवली हे मी कोणत्या कागदावर लिहू?"

माणसाची डीएनए टेस्ट होते, वाघाची होते, मग बैलाची का नाही? गाय अजून गोठ्यातच आहे. माय-लेकराची टेस्ट करता येईल काय? नमुना कोण घेणार, जाणार कुठं, कोर्ट मानणार काय? चेष्टा नको, काका धड जेवून नाही राहिले.

ठेचा भाकर
चेष्टा नको म्हणालात म्हणून हात आवरतो. एकच शंका. बैलाचा बाप कोण हे काकांना ठाऊक आहे काय? नाहीतर यातून भलताच खटला निघायचा.

सरकी ढेप
आणि बाप सरकारी असला तर? आमच्या गाईला दवाखान्यातून रेतन केलेलं. कालवडीच्या बापाचा नुसता नंबर आहे, तोंड कोणी पाहिलं नाही.

गोठा डॉक्टर
ठेचाभौ, सरकीताई, तुम्ही हसत हसत मुद्द्याचंच विचारलंत.

होते. गुरांची पितृत्व-मातृत्व चाचणी ही नवलाई नाही, पैदाशीच्या कामात ती नेहमीची आहे. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडं (एनडीडीबी) ती होते. गुणसूत्रांवर काही ठरावीक जागी डीएनएचा छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कोणात तो दहा वेळा येतो, कोणात चौदा वेळा. प्रत्येक जागेचे दोन आकडे, एक मायकडून आलेला, एक बापाकडून. बैलाच्या दोनपैकी एक आकडा गाईच्या दोनपैकी एकाशी जुळलाच पाहिजे. अशा अनेक जागा तपासतात. जागोजागी आकडे जुळेनात, तर ती त्याची माय नाही, विषय संपला. सगळीकडं जुळले तर ती माय असण्याची शक्यता भक्कम होते. बापाचा नंबर कार्डावर असला आणि त्याचाही नमुना मिळाला तर आणखी भक्कम. म्हणून बाप कोण हे विचारणं थट्टा नाही.

आता अडचण. त्याच गाईचे दुसरे गोऱ्हे कधी विकले होते काय? तेही मायशी असेच जुळतील. शिवाय गवळाऊ जात मुळात वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजाच्या पट्ट्यातली, आज मोजकी उरलेली, आणि गावोगाव एकाच वळूची लेकरं. नात्यातली जनावरं आकड्यांनी एकमेकांच्या जवळ येतात. त्यामुळं मार्कर, म्हणजे तपासायच्या जागा, जास्त घ्यावे लागतात.

नमुना सोपा आहे. शेपटीच्या गोंड्याचे केस, मुळासकट उपटून. कापलेले नकोत. ज्या डीएनएवर ही चाचणी होते तो केसाच्या मुळाशी असतो. कागदी पाकिटात, कोरडे ठेवायचे.

आणि सगळ्यात आधी बिल्ल्याचा बारा अंकी नंबर शोधा. लसीकरणाच्या कार्डावर असेल, पशुधनाच्या सरकारी पोर्टलवर काकांच्या नावावर असेल. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. मग त्या माणसाच्या चिठ्ठीवर कोणता नंबर आहे?

धुऱ्यावरचा माणूस
चिठ्ठीवर नंबरची जागा कोरी आहे. कार्ड शोधतो. गाईचा दुसरा गोऱ्हा लहानपणीच गेला, विकलेला एकही नाही.

काकांनी बैलाची जुनी वेसण खुंटीला टांगून ठेवली आहे. नवी टाकली तेव्हा काढलेली. तिचा काही उपयोग?

गोठा डॉक्टर
हात लावू नका तिला!! नाकातल्या पेशी तिच्यात चिकटलेल्या असू शकतात. वेसणीतून डीएनएचं प्रोफाइल, म्हणजे सगळ्या जागांच्या आकड्यांची यादी, निघालं तर मायचीही गरज नाही, हा तोच बैल एवढं सरळ जुळवता येईल. निघेलच असं नाही. गोठ्याची दमट हवा, शेण, दुसऱ्या बैलानं चाटलेलं, सगळंच आड येतं.

निवृत्त ठाणेदार
डॉक्टर, हात लावू नका म्हणालात ते बरोबर, पण कोणीतरी कधीतरी लावणारच. कोण लावतो, कोणासमोर लावतो, यावरच पुढचं सगळं अवलंबून. पुतणे, तुम्ही ती वेसण स्वतः पाकिटात घालून कोर्टात नेली तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल, ही याच बैलाची कशावरून? गोठ्यात किती बैल होते? उत्तर नाही. अर्ज द्या, पोलिसांना गोठ्यावर न्या, दोन पंचांसमोर वेसण जप्त होऊ द्या, पाकीट सील होऊ द्या, सह्या होऊ द्या.

नोकरीतला एक अनुभव सांगतो, गावाचं नाव नको. तेंदूपत्त्याचा हंगाम, ऊन ४५ च्या वर. पत्ते तोडायला गेलेल्या बायांना नाल्यात सांगाडा दिसला. कपड्याच्या चिंध्या, एक चप्पल. जवळच्या गावातला एक पोरगा पावसाळ्यापासून बेपत्ता होता. मायनं चप्पल पाहिली नि म्हणाली, माया पोराची नाही. चप्पल कोणाचीही असू शकते, मायलाही ते मान्य करायचं नसतं. मांडीचं हाड आणि दाढा पाठवल्या, कारण उन्हापावसात बाकी सगळं गेलं तरी दाताच्या आत आणि जाड हाडाच्या आत काही शिल्लक राहतं. मायचं रक्त खास कागदी कार्डावर घेतलं. अहवाल आला तेव्हा पुढचा पावसाळा लागला होता. जुळलं. तोवर ती बाई दर बाजाराला ठाण्यात येऊन बसायची, काही न बोलता. उशीर कोणाचा, यावर मी इथं लिहिणार नाही.

पूर्णाकाठ
साहेब, वाचून गलबललं. शंका विचारते, मायचंच रक्त का? बापाचं चाललं नसतं?

सूक्ष्मदर्शी
चाललं असतं. दोघांचं मिळालं तर उत्तमच. पण हाड फार खराब झालं असेल तर मायचा खास उपयोग होतो. पेशीत दोन ठिकाणी डीएनए असतो. केंद्रातला, तो निम्मा निम्मा दोघांकडून. आणि मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतला, तो फक्त आईकडून, आणि एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती. केंद्रातला तुटून गेला तरी याची एखादी तरी धड प्रत सापडण्याची आशा असते. मात्र एका मायची सगळी लेकरं, तिच्या बहिणी, बहिणींची लेकरं, सगळ्यांचा तो सारखाच. म्हणजे घराणं कळतं, माणूस नाही.

ओळख देतो: न्यायसहायक प्रयोगशाळेत काम केलंय, आता शिकवतो. धागा वाचून राहवलं नाही.

विदर्भातल्या लोकांना एक गोष्ट आवडेल. भारतात हे तंत्र उभं केलं ते डॉ. लालजी सिंह यांनी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत. त्यांचा मूळ अभ्यास सापांवर, सापात नर-मादी कशी ठरते यावर. त्यातून त्यांना डीएनएचा जो तुकडा मिळाला तो पट्टेरी मण्यारीचा. गडचिरोली-चंद्रपूरकडच्यांनी ही मण्यार पाहिली असेल, काळे-पिवळे पट्टे. त्या तुकड्यावरून बनवलेला शोधक, म्हणजे जुळणाऱ्या जागा हुडकणारा डीएनएचा तुकडा, बीकेएम नावाचा, माणसाच्या डीएनएवर लावला तर प्रत्येकाचे पट्टे वेगळे दिसायचे. इंग्लंडात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं, आपण परदेशी शोधक न आणता मण्यारीच्या जोरावर आपलं उभं केलं. केरळात तलश्शेरीच्या कोर्टातला पितृत्वाचा खटला या तंत्राच्या पहिल्यावहिल्या भारतीय खटल्यांपैकी. राजीव गांधींच्या हत्येच्या तपासातही ते वापरलं गेलं.

ठेचा भाकर
म्हणजे साप चावून माणूस मरतो आणि सापाच्याच डीएनएनं कोण मेला ते कळतं. धन्य.

मुंबईचा पाहुणा
अमेरिकेत तर यापुढं गेलेत. कॅलिफोर्नियात १९७०-८०च्या दशकांत खून-बलात्कार करून पसार झालेला माणूस २०१८ मध्ये पकडला. त्याचा डीएनए पोलिसांच्या कुठल्याच यादीत नव्हता. लोकांनी हौसेनं आपली वंशावळ शोधायला जिथं स्वतःचा डीएनए चढवला होता, तिथं त्याचे दूरचे भाऊबंद सापडले. त्यांची झाडं मांडत मांडत पोलीस त्याच्या दारात पोचले. फेकून दिलेल्या वस्तूवरून खात्री केली. निघाला माजी पोलीस! आपल्याकडं असं झालं तर गावातले निम्मे जुने गुन्हे उकलतील.

निंबाचा पार
पाहुणे, आमच्या गावात त्याची गरज नाही. कोण कोणाचा चुलत-मावस हे म्हातारीला झोपेत विचारा. आणि भाट येतो की अजून, वही घेऊन.

उलट मला धास्ती वेगळीच. अर्धं गाव एकाच आडनावाचं. डीएनए एकाचा सापडला आणि पकडला दुसराच, असं व्हायचं नाही काय?

सूक्ष्मदर्शी
चांगला प्रश्न. कोणती चाचणी केली त्यावर आहे. हल्ली अमेरिकेत वीस जागा तपासणं हे प्रमाण आहे, २०१७ पासून. त्याआधी तेरा होत्या. सगळ्या जागा नीट मिळाल्या तर सख्खे भाऊही वेगळे पडतात. फक्त एकाच बीजातून झालेली हुबेहूब जुळी वेगळी काढता येत नाहीत.

पण काही प्रकरणांत फक्त पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरची चाचणी करतात, कारण नमुन्यात बाईच्या पेशी फार आणि पुरुषाच्या थोड्या असतात. हा वाय बापाकडून लेकाकडं जवळजवळ जसाच्या तसा जातो. म्हणजे आरोपी, त्याचा बाप, भाऊ, काका, चुलतभाऊ, सगळी भाऊकी एकच. मुंबईत "जुळलं" या शब्दाला जितकं वजन, तितकं एका भाऊकीच्या गावात देता येत नाही. अहवालात ते लिहिलेलं असतं. वाचणारा शेवटची ओळ वाचतो, हा त्रास आहे.

पराटीवाला
आता माया पण अनुभव ऐका. बैल नाही, बियाणं. आमच्याकडं कृषी खात्यानं एका दुकानातून पाकिटं उचलली, चोर बीटी म्हणून, म्हणजे परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापूस बियाणं. दुकानदार म्हणे साधीच सरकी हाय. मग नमुने गेले, गुन्हा दाखल झाला. ते कसं ओळखतात बा?

सूक्ष्मदर्शी
दोन रीती. पहिली पट्टी. बी किंवा पान कुटून द्रावणात टाकायचं, पट्टी बुडवायची, रेघ उमटली की बीटीचं अळी मारणारं प्रथिन त्यात आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं बीटीसाठी अशा पट्ट्या बनवल्यात, शेतात उभं राहून करता येतं. पण कोर्टासाठी दुसरी, पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या तुकड्याच्या प्रती वाढवून पाहणं. तणनाशक सहन करणारा जनुक बियाण्यात आहे की नाही ते थेट डीएनएत पाहायचं. बोलगार्ड या बीटी कापसाला २००२ मध्ये आणि बोलगार्ड-२ ला २००६ मध्ये परवानगी मिळाली. तणनाशक-सहनशील बीटीला मिळालेली नाही. म्हणून तो जनुक सापडला की पर्यावरण संरक्षण कायदा लागतो.

पराटीवाला
आमची रीत तिसरी. एका ओळीवर तणनाशक मारा, जगली तर चोर बीटी. कायले पाहिजे पीसीआर? 😀

आणि चोर कशाची? निंदणाची मजुरी काय झाली ते पाहून घ्या एकदा. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी हेच बियाणं उघड उघड लावलं, सांगून सवरून. चोर असा बोलावून चोरी करते काय?

पूर्णाकाठ
पराटीवाले भौ, मी अकोटचीच. लावणी उघड झाली, पण विक्री उघड होत नाही ना? पाकिटावर कंपनी नाही, लॉट नंबर नाही, पावती नाही. उगवलं नाही तर भांडणार कोणाशी? आमच्या जावेनं घेतलं, निम्मं उगवलं नाही. बंदी योग्य की अयोग्य हे राहू द्या, पण बनावट पाकिटातलं बनावट बियाणं पकडायलाही हीच चाचणी लागते.

पराटीवाला
ते मान्य. पावतीचं मान्य.

सरकी ढेप
बैल कुठं गेला??

काळा कोट, पांढरा कापूस
बैल इथंच आहे. जिल्हा न्यायालयात वकिली करतो, एकेक घेतो.

१ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर जायचं, चित्रीकरण करायचं. राज्यांना तयारीला पाच वर्षांची मुदत. साध्या चोरीला शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे बैलासाठी पथक यायचं नाही. पण धागाकर्ते म्हणतात बैल गोठ्यातून गेला. मालमत्ता ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर न्याय संहितेचं कलम ३०५, शिक्षा सात वर्षांपर्यंत. गोठा ही इमारत आहे काय, चार खांब आणि पऱ्हाट्यांचा कूड असला तर काय, "सात वर्षांपर्यंत" म्हणजे "सात किंवा जास्त" काय, यावर मी आणि सरकारी वकील दिवसभर भांडू शकतो. तुम्ही त्यात पडू नका.

तुमच्या कामाचं हे. बैल मुद्देमाल म्हणून जप्त झाला की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली तो सुपूर्तनाम्यावर, म्हणजे निकालापर्यंत सांभाळायला, मिळावा असा अर्ज. त्याच अर्जात चाचणीची मागणी करा. सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल कोर्ट कलम ३२९ खाली वाचून घेऊ शकतं. खासगी प्रयोगशाळेचा असेल तर तज्ज्ञाला साक्षीला यावं लागेल. तो आणंद किंवा हैदराबादहून एका बैलासाठी येईल काय, हा विचार आधी करा. होशंगाबादला २०२० मध्ये एका लॅब्राडोर कुत्र्यावर दोघांनी हक्क सांगितला तेव्हा पोलिसांनी डीएनए केलाच होता. तेव्हा बैलाला लाज वाटायचं कारण नाही.

आता नमुन्याचं, कारण ठाणेदार साहेबांनी तिथंच बोट ठेवलंय. दिल्लीतल्या छावला प्रकरणात, २०१२ चं ते, तरुणीचं अपहरण आणि खून, खालच्या दोन्ही कोर्टांनी फाशी दिली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिघांना सोडलं. डीएनए जुळत होता! पण नमुने कित्येक दिवस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते, मधल्या काळात हात लागला नाही याची खात्री नव्हती. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तसंच. शेवटी जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा, कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला त्याची नोंदवही ठेवा. आता गडचिरोलीच्या टोकाच्या ठाण्यातून पावसाळ्यात ४८ तास, ते तुम्हीच मोजा.

मुंबईचा पाहुणा
वकीलसाहेब, पण डीएनए जुळतोय म्हणजे गुन्हेगार तोच ना? तांत्रिक कारणावर सोडणं हा अन्यायच.

काळा कोट, पांढरा कापूस
जुळतोय हे ठरलं कशावरून? पाकिटात जे होतं त्यावरून. पाकिटात काय होतं हेच ठरत नसेल तर? त्या मुलीच्या आईबापावर झाला तो अन्याय आहेच, कोण नाही म्हणतंय. पण तो कोर्टाच्या आधीच झाला.

सूक्ष्मदर्शी
पाहुण्यांसाठी जर्मनीचा किस्सा. बरीच वर्षं पोलीस एका बाईच्या मागावर. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, चाळीसेक ठिकाणी तिचा डीएनए. खून, घरफोडी, २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात महिला पोलिसाचा खून, सगळीकडं तीच. २००९ मध्ये उलगडा झाला: बाई होती, पण ती कापसाचे बोळे भरणाऱ्या कारखान्यात कामाला होती. बोळे निर्जंतुक होते, डीएनएमुक्त नव्हते.

पराटीवाला
शेवटी दोष कापसावरच!

ठेचा भाकर
हसून हसून पुरेवाट. पराटीवाले भौंनी आज धागा जिंकला.

वनवाट
उशिरा आलो. जंगल खात्यात आहे, नाव-गाव नको.

वाघाचं वर कोणीतरी म्हणालं. टी-१, जिला लोक अवनी म्हणतात, पांढरकवडा-राळेगाव भागातली. तेरा मृत्यू तिच्या नावावर लावले गेले, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली. त्या काळात डीएनए, कॅमेरा ट्रॅप, पाऊलखुणा, सगळं झालं. लोकांना वाटतं लाळेचा नमुना घेतला की वाघाचं नाव बाहेर येतं. तसं नाही. जखमेच्या कडेवरून स्वॅब घेतला, तर प्राणी वाघ की बिबट, नर की मादी हे कळेल. हाच तो वाघ हे सांगायला त्याची विष्ठा किंवा केस आधी गोळा करून प्रोफाइल केलेलं पाहिजे.

आणि स्वॅब घ्यायचा कधी? बातमी मिळून आम्ही पोचतो तेव्हा तिथं शेदोनशे माणसं. घरच्यांनी तोंडावरून पाणी फिरवलेलं, जखमेवर धोतर दाबलेलं. लोक चिडलेले, गाडीची काच फोडलेली. ज्याचा बाप गेला त्याला मी कोणत्या तोंडानं म्हणू, दादा जरा थांब, मला जखमेला काडी लावायची आहे? मी लावली आहे. दगडही खाल्ला आहे.

मांसाचं त्यामानानं सोपं. धाड टाकली की चुलीवरचं भगोणं हमखास "बोकडाचं" असतं. हैदराबादला लाकोन्स या वन्यजीव प्रयोगशाळेत शिजलेल्या तुकड्यावरूनही चितळ की रोही की खरंच बोकड हे सांगतात. ताईंना सरांनी वर सांगितलं ना, मायटोकॉन्ड्रियाच्या भरपूर प्रती, तेच इथंही. एकदा खरंच बोकड निघाला. त्या घरी जाऊन सांगायची वेळ माझ्यावर आली. म्हातारी म्हणाली, आमचं मटण तर नेलं, आता कागद घेऊन काय करू?

निवृत्त ठाणेदार
वनवाट, शाबास. पोलिसांचंही तेच असतं. रक्ताचे कपडे ओले असतात, रात्र असते, आणि हाताशी फक्त दुकानातली पन्नी. पन्नीत बांधलं की संपलं. कडब्याची ओली गंजी आतून तापून सडते तसा तो कपडा आतल्या आत सडतो. सावलीत वाळवा, मग कागदात बांधा. आमच्या काळात हे शिकवणारा कोणी नव्हता, मुद्देमालाच्या खोलीत उंदरांचंही राज्य होतं.

आणि पाहुण्यांनी परदेशाचं सांगितलं म्हणून: डीएनएनं पकडलेला पहिला खुनी इंग्लंडातल्या खेड्यांतलाच. १९८३ आणि १९८६ मध्ये पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे खून. एका पोरानं एका खुनाची कबुलीसुद्धा दिली होती, डीएनएनं तो निर्दोष ठरला. मग आसपासच्या गावांतल्या सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेतले. कोणीच जुळेना! कारण खऱ्या आरोपीनं आपल्या जागी सोबतीला रक्त द्यायला पाठवलं होतं. तो सोबती दारूच्या गुत्त्यात बोलून गेला, एकीनं ऐकलं, पोलिसांना सांगितलं. पिचफोर्क त्याचं नाव, जानेवारी १९८८ मध्ये जन्मठेप. प्रयोगशाळा जेफ्रीजची, पण खबर गुत्त्यावरची. नव्या पोरांना मी हेच सांगायचो, पानठेल्यावर बसत जा.

पालावरची
सगळे कौतुकानं लिहिताय, म्हणून थोडं कडू बोलते. मी पारधी समाजातली, अमरावती जिल्ह्यातली, शिक्षिका आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमातींवर जन्मापासून गुन्हेगार असा शिक्का मारायला सुरुवात झाली, पुढं १९११ च्या कायद्यानं आमच्या आजे-पणज्यांच्या बोटांचे ठसे घेतले, गुन्हा करो न करो. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून गेला. आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, आजही चोरी कुठंही झाली की पोलिसांची गाडी आधी येते. २०२२ च्या ओळख कायद्यात ठशांसोबत शरीराचे नमुनेही घेता येतात, नोंद ७५ वर्षं ठेवता येते. डीएनएसाठी वेगळा कायदा येणार होता, ते विधेयक सरकारनं २०२३ मध्ये मागं घेतलं. मग कोणाचे नमुने आधी गोळा होतील? ज्यांच्या दारात गाडी आधी जाते त्यांचे. आणि वर सरांनीच सांगितलं, एकाचा घेतला की सगळी भाऊकी त्यात आली.

मुंबईचा पाहुणा
पण ताई, निर्दोष असाल तर भीती कशाची? उलट डीएनएनं तुमच्या लोकांना सोडवलंच असतं, ठाणेदारांनी सांगितलेल्या त्या पोरासारखं.

पालावरची
सोडवलं असतं, हो. त्या एका प्रकरणापुरता नमुना घ्या नि प्रकरण संपलं की नष्ट करा, मी स्वतः पोरांना घेऊन येते. भीती चाचणीची नाही, कपाटाची आहे. त्यात कोणाचे नमुने राहतात आणि किल्ली कोणाकडं असते.

निवृत्त ठाणेदार
ताई, यावर मला उत्तर द्यायचा अधिकार नाही. ऐकून घेतलं.

निंबाचा पार
पालावरची ताई, असं लिहिणारं कोणी इथं नव्हतं. लिहीत रहा.

धुऱ्यावरचा माणूस
मंडळी, थोडी खबर. कार्ड सापडलं, बारा अंकी नंबर काकांच्या नावावर निघाला, पोर्टलवर "विक्री" अशी नोंद नाही. वकीलसाहेबांच्या सांगण्याप्रमाणं अर्ज दिला. वेसण पंचांसमोर जप्त झाली, पाकीट कागदाचंच आहे, मी स्वतः पाहिलं. साहेब हसत होते, पण त्यांनी लिहून घेतलं. पशुवैद्यकीय अधिकारी गाईचे आणि बैलाचे केस घ्यायला पुढच्या आठवड्यात येणार, पत्र गेलंय.

तो दुसरा शेतकरीही आला होता. म्हणाला, निघाला तुमचा तर घेऊन जा, पण माझे पैसे बाजारवाल्याकडून काढून द्यायला मदत करा. काकांनी त्याला चहा पाजला. आता दोघं मिळून त्या चिठ्ठीवाल्या दलालाला शोधत आहेत.

काळा कोट, पांढरा कापूस
उत्तम. बैलाचे केस घेताना त्या शेतकऱ्याला हजर ठेवा आणि त्याचीही सही घ्या. गाय आणि बैल यांचे केस एकाच टेबलावर, एकाच हातमोज्यानं घेऊ देऊ नका. आधी एक पाकीट बंद, मग दुसरं.

गोठा डॉक्टर
+१. आणि अधिकाऱ्यांना आठवण करून द्या, केस भरपूर घ्या, मुळं दिसली पाहिजेत. गायीला एक, बैलाला दोन माणसं धरायला. गवळाऊ लाथ जोरात मारतो.

ठेचा भाकर
दलाल सापडला तर त्याचाही नमुना घ्या. त्याची जात कोणत्या प्राण्याची ते कळू द्या.

नवीन सदस्या बोरगाव
सगळा धागा वाचला. आमच्या सासऱ्यांच्या म्हशीबद्दल विचारायचं होतं. वाटणीत म्हैस दिराकडं गेली, पारडू आमच्याकडं, आणि आता दीर म्हणतात पारडू त्या म्हशीचं नाहीच. म्हशीला हीच टेस्ट चालेल काय?

गोठा डॉक्टर
गाईचे काही मार्कर म्हशीत चालतात, सगळे नाही. ताई, नवा धागा काढा. इथं आधीच वाघ, मण्यार आणि पराटी घुसली आहे.